सामानापाशी कोण बसणार?

मी हरवले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आणि अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावातल्या निम्म्या मराठी घरांत कित्येक महिने उलटंच सांगितलं जात होतं. "आई स्पेनमध्ये हरवली होती" ही गोष्ट माझा मुलगा इतकी रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याच्या हातातली पाणीपुरी हातातच राहायची. मी तिथंच, समोरच्या सोफ्यावर बसलेली असायचे. माझ्यादेखत माझी गोष्ट चालायची आणि मला कुणी विचारायचं नाही की काकू, खरंच हरवला होतात का हो? उलट सगळे माझ्याकडे बघून मान तिरकी करून हसायचे, रांगत्या पोराकडे बघून हसतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

तर काय झालं ते मीच सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघं स्पेनला गेलो. मुलगा, सून, बारा वर्षांची नात आणि मी. नवरा गेल्यावर मी पुण्याचं घर बंद करून इथे जॉर्जियात मुलाकडे आले. त्याआधी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली. म्हणजे जन्मभर लोकांची पार्सलं सांभाळली म्हणा ना. तर स्पेनला एका लहानशा गावात आम्ही पोचलो. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला खडक होता, त्यावर पिवळट दगडांचा किल्ला आणि किल्ल्याच्या तटाला जवळजवळ खेटून उभं असलेलं दीपगृह. जुनं, गोल, चुन्यानं पांढरं केलेलं. गाडीतून उतरले आणि मी तिथंच उभी राहिले. सून म्हणाली, "आई, चक्कर येतेय का?" चक्कर कसली? मला माझं गाव दिसलं होतं.

आमच्या कोकणातल्या गावी खाडीच्या पलीकडे अगदी असंच होतं. काळ्या दगडाचा किल्ला आणि शेजारी पांढरं दीपगृह. शाळेची सहल होडीतून तिकडे गेली तेव्हा मी पाचवीत होते. दीपगृहाच्या दाराशी चपला काढायच्या होत्या आणि डब्यांच्या पिशव्या खालीच ठेवायच्या होत्या. गुरुजींनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "ही शहाणी आहे, ही बसेल सामानापाशी." मी शहाणी! मला इतका अभिमान वाटला की सगळा वर्ग वर जाऊन, ओरडून, हात हलवून खाली येईपर्यंत मी चपलांवरची नजर काढली नाही. घरी येताना होडीत सगळ्या पोरी वरून काय काय दिसलं ते सांगत होत्या, आणि मी ऐकत होते.

तेव्हापासून जे बसले ते बसलेच. देवळाबाहेर चपलांपाशी मी. लग्नाच्या हॉलमध्ये दागिन्यांच्या पिशवीपाशी मी. महाबळेश्वरला सगळे पॉइंट बघायला गेले, गाडीपाशी मी. आपल्या माणसांत कुठेही गेलं की एक प्रश्न निघतोच, सामानापाशी कोण बसणार? विचारायची फक्त पद्धत आहे. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याचं नाव ठरलेलं असतं त्याला विश्वासू म्हणतात. नवऱ्यालाही माझं भारी कौतुक. "ही असली की बॅगेची चिंता नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. मी हसायचे. हसायचे कसली, मूग गिळून बसायचे.

स्पेनमध्ये तिकिटं चार काढली होती. हे लक्षात ठेवा, चार. माझं माझ्या हातात दिलेलं होतं. पण दीपगृहाच्या दारावरच्या मुलीनं आमच्या पाठीवरच्या सॅक बघितल्या आणि नाही नाही म्हणून बोट हलवलं. जिना अरुंद, मोठ्या बॅगा वर न्यायच्या नाहीत. झालं! मुलानं सॅक खांद्यावरून काढली ती माझ्याच दिशेनं. "आई, तू बस ना इथे बाकावर. तुझे गुडघे पण आहेत. आणि तुला काय, तू तर लहानपणापासून बघितलंयस लाइटहाउस."

बघितलंय ना. खालून!

पण मी बसले. बाकावर माझ्या एका बाजूला तीन सॅक, दुसऱ्या बाजूला सुनेची पर्स, नातीचं जॅकेट, पाण्याच्या बाटल्या आणि मी घरून करून आणलेल्या चिवड्याची पिशवी. मध्ये मी. ऊन छान होतं, समुद्र निळा होता, सगळं खरं. पण माझी मान सारखी वर जात होती. वरच्या कठड्याशी तिघं दिसली. एकमेकांचे फोटो काढत होती. मी हात हलवला. त्यांनी खाली बघितलं नाही.

खाली आली तेव्हा तिघांचे चेहरे वाऱ्यानं लाल झालेले. नात म्हणाली, "आज्जी, इट वॉज सो अमेझिंग!" मुलगा म्हणाला, "काय व्ह्यू आहे यार वरून! आई, तू बघायला हवं होतंस." मला! मुठीत तिकीट घेऊन बसलेल्या बाईला! मी म्हटलं आता तरी विचारेल. आता म्हणेल, आम्ही बसतो, तू जाऊन ये. तर म्हणतो, "आम्ही जरा किल्ल्याच्या मागच्या बाजूला जाऊन येतो, तिकडे तोफा आहेत. तू बस, आलोच." आणि गेली तिघं.

मी बसले होते खरंच. रागावले होते, पण बसले होते. तेवढ्यात दीपगृहाच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. तिथलीच असावी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी, हातात काठी, घामानं निथळत. माझ्याच बाकाच्या टोकाला टेकली. माझ्या हातातलं तिकीट बघून तिनं वर बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. मी बॅगांकडे हात केला. म्हणजे काय सांगू बाई, हे सगळं आहे ना. तिनं बॅगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जी हसत सुटली! मी जणू मोठा विनोद केला होता. हसतच उठली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि काठी टेकत चालू लागली.

तिच्या हसण्याचा मला राग आला नाही. मला माझाच राग आला. मी उठले.

आता नीट ऐका, कारण इथून पुढचं सगळं मी पूर्ण शुद्धीत केलंय. चौघांचे पासपोर्ट असलेली लहान पिशवी सॅकमधून काढली आणि गळ्यात घालून कुडत्याच्या आत टाकली. सॅकचे पट्टे एकमेकांत अडकवून बाकाच्या पायाला गाठ मारली. सर्वांत वर चिवड्याची पिशवी ठेवली, म्हटलं चोराला आधी चिवडा सापडू दे. हरवलेली बाई एवढं करते का, तुम्हीच सांगा!

दारावरच्या मुलीनं मला थांबवलं. माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवून तिनं चेहरा वाकडा केला, म्हणजे जिना कठीण आहे. मी म्हटलं, "बाई गं, तू तिकीट बघ, गुडघे बघू नकोस." मराठीतच म्हटलं. तिला बरोबर कळलं. तिनं तिकीट फाडलं.

जिना खरंच कठीण होता, उगाच कशाला नाही म्हणू? गोल गोल फिरणारा, आणि कठड्याऐवजी भिंतीला जाड दोर. दोर धरून एकेक पाय वर. गुडघे ठणकत होते, छाती भरून येत होती. खिडकी लागली की तिच्या कट्ट्यावर टेकायचे. मागून तरुण पोरापोरींचा घोळका येत होता. त्यांना पुढे जायला जागा नव्हती, मी थांबले की ती थांबायची. थांबा म्हटलं, काही बिघडत नाही. कुणी कुरकुरलं नाही. एका मुलीनं मला पाणी दिलं.

आणि मग वर.

वारा असा की ओढणी थेट तोंडावर. ती बाजूला केली आणि बघितलं. समोर नुसता समुद्र. खाली किल्ला, अख्खा, आतल्या चौकासकट, बुरुजांच्या माथ्यांसकट. किल्ला वरून असा दिसतो! आयुष्यभर ज्याच्या भिंती तेवढ्या खालून बघितल्या तो माझ्या पायाखाली मांडून ठेवला होता. मी रडले. आनंदानं रडले, त्यात लाज कसली? ती होडीतली पाचवीतली पोर मला आठवली. तिला म्हटलं, बघ गं बाई, उशीर झाला, पण बघून घे.

कठड्याला धरून मी गोल फिरत होते. एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसऱ्या बाजूला आले तर खाली माझा बाक दिसला. बॅगा जागच्या जागी. आणि बॅगांभोवती निळ्या टी-शर्टमधला माझा मुलगा, डोक्याला हात लावून इकडून तिकडे धावतोय. सून आइस्क्रीमच्या दुकानापाशी कुणाला तरी विचारतेय. नात बाकावर उभी राहून चहूकडे बघतेय. चहूकडे बघितलं तिघांनी. वर कुणी बघितलं नाही. आज्जी वर असेल, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला कळलं होतं की ते मलाच शोधताहेत. वाऱ्यात हाक पोचली नसती, पण हात हलवता आला असता, ओढणी हलवता आली असती. मी नाही हलवली. माझा फोन तिकडे लागत नव्हता, नुसता कॅमेरा चालायचा; तो काढला आणि त्या बाकाचा फोटो काढला. माझ्या जागेचा मी वरून काढलेला पहिला फोटो. आणि मग चौथी बाजू बघायला गेले, कारण ती बघायची राहिली होती. सावकाश बघितली. मग उतरले.

खाली आले तर मुलानं मला मिठीच मारली. बाप गेला तेव्हा जसा पांढरा पडला होता तसा पांढरा पडला होता. "आई, कुठे गेली होतीस? आई, तू ठीक आहेस ना?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सून म्हणाली, "अरे, त्या टॉयलेट शोधायला गेल्या असतील आणि रस्ता चुकल्या असतील." त्यानं मान डोलावली. त्याचे डोळे भरलेले होते. मी म्हटलं जाऊ दे, आत्ता नको, पोर घाबरलंय. माया आली आणि गप्प बसले. पण एकदा गप्प बसलं ना, की दुसरी माणसं आपल्या वतीनं बोलायला लागतात.

अल्फारेटाला परत आलो आणि चार दिवसांत माझ्या मनगटावर घड्याळ आलं. साधं नाही, मी कुठे आहे ते मुलाच्या फोनवर दाखवणारं. मी सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, बाहेर लायब्ररीकडे पाय टाकला की ऑफिसमधून त्याचा फोन, "आई, कुठे निघालीस?" मग शेगडीच्या बटणांना लहान मुलांसाठी असतात ती झाकणं बसली. मग इंडियन स्टोअरला एकटीनं जाणं बंद. मग सूनबाई माझ्याशी जरा मोठ्यानं आणि हळूहळू बोलायला लागली. वाईट नाही हो ती, जीव लावणारी आहे. पण मी बहिरी नाही! एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मीठ सगळ्यांच्या हातून जास्त पडतं. माझ्या हातून पडलं तर ते लक्षण झालं.

मग एका शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून आणायचा. पाच-सहा कुटुंबं, पोरं बेसमेंटमध्ये, मोठी माणसं वर. एकाची आई नागपूरहून आलेली, माझ्याच वयाची, ती माझ्या शेजारी बसली होती. जेवणं होत आली आणि कुणीतरी स्पेनचा विषय काढला. मुलानं गोष्ट सुरू केली. हरवली, शोधली, पोलिसांना बोलावणार होतो, वगैरे वगैरे. नेहमीचं. पण शेवटी या वेळी नवीन शेपूट आलं. आवाज बारीक करून म्हणाला, "म्हणून आम्ही मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. लवकर कळलेलं बरं ना."

मला "रेग्युलर चेकअप" म्हणून सांगितलं होतं.

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. नातीला हाक मारली. ती पायऱ्या चढून आली. म्हटलं, "माझ्या फोनमधला फोटो मोठ्या टीव्हीवर लावता येतो ना? लाव." माझ्या फोनमध्ये कुणी कधी बघत नाही. त्यात फुलं आणि सुप्रभात असणार अशी सगळ्यांची खात्री. तिनं लावला.

भिंतभर टीव्हीवर तो फोटो आला. उंचावरून काढलेला. किल्ल्याचा तट, बाक, बाकावर बॅगा, वर चिवड्याची पिशवी, आणि डोक्याला हात लावलेला निळा टी-शर्ट. नात आधी ओरडली, "आज्जी! वेट, यू वेअर अप देअर?"

"होय," मी म्हटलं. "वर होते. तिकीट माझं होतं. मी रस्ता चुकले नाही, मी विसरले नाही, मी जिना चढून वर गेले."

मुलगा उठून टीव्हीजवळ गेला. स्वतःलाच बघत राहिला. मग वळून म्हणाला, "आई, तू आम्हाला बघत होतीस? मी खाली वेड्यासारखा धावतोय आणि तू वरून बघत होतीस? हाक का नाही मारलीस?"

"तू वर होतास तेव्हा मला मारलीस?"

मी आता थांबणार नव्हते. "टेस्टला मी येणार. रद्द करू नकोस. पण डॉक्टरला हा फोटो दाखवणार आणि सांगणार, जो चार तिकिटं काढून तीनच माणसं वर नेतो, त्या माणसाचीही मेमरी तपासा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सून नाही, सूनबाईचा चेहरा उतरला होता. माझ्या शेजारच्या नागपूरच्या बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे आपल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "मी ग्रँड कॅन्यनला पार्किंगमधी होते. तीन तास. खाण्याच्या कूलरपाशी." मग मात्र कुणी हसलं नाही. त्यांचा मुलगा उठून पाणी प्यायला गेला.

सोमवारी मुलानं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. सांगितलं नाही, मला सुनेकडून कळलं. शेगडीची झाकणं सूनबाईनं स्वतः काढली. घड्याळ राहिलं. "राहू दे ना आई, माझ्यासाठी," म्हणाला. ठीक आहे, म्हटलं, राहू दे. गोष्ट सांगायचं मात्र त्यानं बंद केलं. आता मी सांगते.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आम्ही जॉर्जियाच्याच किनाऱ्यावर गेलो. तिथेही एक दीपगृह आहे, किल्ला नाही, पण दीपगृह उंच आहे. नातीनंच ठरवलं होतं. दाराशी पोचलो तर तिथेही तेच. मोठ्या बॅगा वर नेऊ नका. पार्किंग लांब राहिलं होतं. चौघं बॅगा घेऊन उभे राहिलो. मुलाची सॅक खांद्यावरून अर्धी उतरली. "आई, तू..." एवढं त्याच्या तोंडून सवयीनं निघालं आणि तो तिथंच अडकला. कानापर्यंत लाल झाला. सून समुद्राकडे बघायला लागली.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं. सगळ्या सॅक बाकावर एकत्र बांधल्या आणि त्यांच्या पट्ट्याला ते घड्याळ अडकवलं.

"हे बसेल सामानापाशी," मी म्हटलं. "हरवलं तर तुझ्या फोनवर दिसेलच. चला."

आणि कठडा धरून जिन्यात सगळ्यांच्या पुढे मी शिरले. जिना अरुंद होता, पुढे जायला जागा नव्हती, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांना माझ्या वेगानं चढावं लागलं.